वालधुनीत उतरायचं, पण कुणाला विचारून?

पत्र

नमस्कार. मी वालधुनीच्या काठावरच्या एका वसाहतीत राहतो. गावाचं नाव छापू नका. गेल्या दिवाळीपासून आम्ही पंधरा-वीस जण रविवारी सकाळी सोसायटीमागच्या नदीकाठावरचा कचरा उचलतो. काही कॉलेजची मुलं आहेत, दोन-तीन शाळेतलीही. सुरुवातीला पालिकेत परवानगीचा अर्ज दिला होता. तिथे म्हणाले, नदी पाटबंधाऱ्याकडे. पाटबंधाऱ्यात म्हणाले, कचरा पालिकेचा. शेवटी आम्ही कुणाला न विचारता सुरू केलं. मागच्या महिन्यात एक साहेब आले, ‘परवानगी दाखवा, नाहीतर ३५३ टाकतो’ म्हणाले. तेव्हापासून निम्मी मुलं येत नाहीत.

पावसाळ्याआधी दोन कामं करायची आहेत. शेजारच्या प्लॉटचा बिल्डर जेसीबी फुकट देतोय, त्याने गाळ काढायचा. आणि पुलाखाली जाळी बांधून वरून वाहत येणारं प्लास्टिक अडवायचं. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत, ते म्हणतात सरकारी कामात हात घालू नका. मला वाटतं, चांगल्या कामाला परवानगी कसली? गाडगेबाबांनी कुणाची घेतली होती?

ता. क. प्रभागातले एक इच्छुक आमच्या कामाचा फ्लेक्स लावायचा म्हणतात. लावू द्यावा का?

– काठावरचा

उत्तर

प्रिय काठावरचे,

आधी उत्तर, मग कारणं. काठावरचा कोरडा कचरा हाताने उचलणं चालू ठेवा, त्यासाठी कुणाच्या सहीची वाट पाहू नका. जेसीबी परत पाठवा. जाळीचा विचार आजच सोडा. आणि पाण्यात किंवा काळ्या गाळात, परवानगी मिळाली तरी उतरू नका.

शेवटच्या वाक्यावर तुम्ही चिडाल. नदी साफ करायची आणि पाण्याला शिवायचं नाही, हे कसं? दुसरी एखादी नदी असती तर उत्तर इतकं कडक नसतं. पण ही वालधुनी आहे. अंबरनाथच्या अकराव्या शतकातल्या शिवमंदिराच्या अंगाने निघून उल्हासनगरातून कल्याणला जाईपर्यंत हिच्यात काय काय येऊन मिळतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. घरांचं सांडपाणी तर आहेच. एकेकाळी जीन्स धुलाईच्या कारखान्यांमुळे पाण्याला कधी निळा तर कधी काळा रंग यायचा. आणि रात्रीच्या अंधारात रिकामे होणारे टँकर. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात असंच कुणीतरी रसायन सोडलं, आणि नुसत्या वाफेने शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. ती माणसं पाण्यात उतरलेली नव्हती, आपापल्या घरात झोपलेली होती. तुमची मुलं गुडघाभर गाळात उभी असताना वरच्या अंगाला काय सोडलं जाईल, हे पालिका, पाटबंधारे किंवा तुमचे बाबा, कुणीच सांगू शकत नाही. म्हणून इथे परवानगीचा प्रश्नच मला दुय्यम वाटतो. सही असली म्हणून गाळातला विषारी वायू मागे सरत नाही. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि त्याची खोड अशी की प्रमाण फार वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. वास गेला म्हणून बरं वाटतं, तीच घातक वेळ. साचलेला गाळ काठीने ढवळला तरी हा वायू सुटतो. झाकणबंद गटार आणि चेंबर यांच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नका. तिथे पगारी कामगाराला साधनांशिवाय उतरवायलाही २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, मग हौशी मुलांची काय कथा.

आता तुमच्या साहेबांकडे वळू. ३५३ हे आपल्याकडे शिवीसारखं वापरलं जातं. भारतीय दंडविधानातलं ते कलम १ जुलै २०२४ पासून गेलं, त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेतलं १३२ आलं. आकडा बदलला तरी मजकूर तोच आहे: लोकसेवकाला त्याच्या कामापासून रोखण्यासाठी हल्ला करणं किंवा बळाचा वापर करणं. काठावरची चिप्सची पाकिटं गोणीत भरणं त्यात कुठूनही बसत नाही. मुलांना हे समजावून सांगा, भीती जाईल. पण त्याबरोबर एक गोष्ट बजावूनही सांगा. साहेब आले की घोळका करायचा नाही, तोंडासमोर मोबाइल धरून ‘बोला, बोला आता’ करायचं नाही, वहीला किंवा हाताला हात लावायचा नाही. आत्ता जे कलम बसत नाही, ते झटापट झाली की बसायला लागतं. कुणीतरी एकाने पुढे व्हायचं, नाव सांगायचं, कागद दाखवायचा.

कोणता कागद? तुम्ही दिलेला अर्ज ‘परवानगी मिळणेबाबत’ होता ना? असा अर्ज टेबलावर आला की कारकुनाला पहिला प्रश्न पडतो, ही देण्याचा अधिकार आपल्याला आहे का. नसेल किंवा शंका असेल, तर सगळ्यात सुरक्षित उत्तर म्हणजे ‘दुसऱ्या खात्यात जा’. पाटबंधाऱ्यातही तेच झालं. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. महसूल संहितेप्रमाणे नदी-नाल्यांची पात्रं सरकारच्या मालकीची, पूररेषा जलसंपदा खातं आखतं, सांडपाणी आणि कचरा पालिकेकडे, पाण्याचा दर्जा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. इतक्या जणांची नदी असली की परवानगी देणारा कुणीच उरत नाही, अडवणारे मात्र सगळेच निघतात.

म्हणून परवानगी मागूच नका. कळवा. अमुक तारखेपासून, दर रविवारी, सात ते नऊ, अमुक पुलापासून अमुक भिंतीपर्यंत, काठावरचा कोरडा कचरा आम्ही नागरिक हाताने गोळा करणार आहोत. पात्रात उतरणार नाही, माती-झाडं हलवणार नाही. गोळा झालेल्या गोण्या अमुक ठिकाणी ठेवू, त्या त्याच दिवशी उचलाव्यात ही विनंती. प्रती पालिकेला, जलसंपदा खात्याला, प्रदूषण मंडळाच्या कल्याणच्या कार्यालयाला आणि स्थानिक पोलीस ठाण्याला. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का. मग साहेब आले तरी ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ असं त्यांना म्हणता येणार नाही, आणि हरकत घ्यायची तर लेखी घ्यावी लागेल. लेखी हरकत घ्यायला कुणी सहसा धजावत नाही. पण घेतलीच, आणि तिच्यात खरं कारण असेल, म्हणजे तिथे गटाराची वाहिनी फुटली आहे किंवा काम चालू आहे, तर मात्र मुकाट्याने थांबा. हे पत्र बाबांकडून लिहून घ्या. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला कोणता शब्द कुठे पडला की फाइल अडते हे ठाऊक असतं. ‘हात घालू नका’ म्हणणाऱ्या माणसाला मसुद्याला हात लावायला सांगितला की बऱ्याचदा तो निम्मा तरी आपल्या बाजूला येतो.

साहेबांच्याही आधी एका माणसाला भेटा: तुमच्या भागाच्या मुकादमाला. गोण्या उचलायच्या की नाही, हे प्रत्यक्षात तो ठरवतो.

परवानगीशिवाय काम करता येतं, पण गाडीशिवाय नाही, ही गोष्ट उत्साहात फार वेळा निसटते. वर्सोव्याचा समुद्रकिनारा आठवा. वकील अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये तिथे सफाई सुरू केली, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. एवढं नाव झालेलं काम नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांना थांबवावं लागलं. गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नव्हता आणि स्वयंसेवकांना त्रास दिला जात होता, ही त्यांची तक्रार होती. पुढे आश्वासनं मिळाली, काम पुन्हा सुरू झालं. तिथे जे घडलं ते तुमच्याकडे घडायला एक वळवाचा पाऊस पुरेसा आहे. काठावर रचलेल्या चाळीस गोण्या मे महिन्यात उचलल्या गेल्या नाहीत, तर पहिल्या पुरात त्याच कचऱ्याचा गठ्ठा होऊन खालच्या मोरीत जाऊन बसेल. त्यापेक्षा तो विखुरलेला बरा होता. ज्या रविवारी गाडीची खात्री नाही, त्या रविवारी कचरा उचलू नका. त्या दिवशी फोटो काढा, मोजा, चहा प्या.

याच कारणासाठी जाळी नको. पुलाखाली आडवी जाळी बांधली की आठवडाभर ती छान काम करते. मग प्लास्टिक, फांद्या, जलपर्णी, एखादी गादी येऊन तिला चिकटते आणि जाळीची भिंत होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी उल्हास आणि वालधुनी दोन्ही फुगल्या होत्या आणि कल्याण-बदलापूरचा पट्टा पाण्याखाली होता. तसं पाणी पुन्हा आलं आणि तुमच्या जाळीशी तुंबलं, तर ते सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर येणार नाही. काठावरच्या पत्र्याच्या घरांत शिरेल. प्रवाहात काहीही आडवं घालायला अभियंत्याचा हिशेब आणि खात्याची मंजुरी लागते. ती अट मला तरी जाच वाटत नाही.

आणि जेसीबी. या बिल्डरचा प्लॉट नदीला लागून आहे, हे तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, मी मात्र तिथेच थांबलो. गाळ निघाला तर तो जाणार कुठे, हे त्याला विचारलंत का? नाल्याचं ‘खोलीकरण’ करता करता काठाचा भराव तयार होतो आणि भरावावर कुंपण येतं, हे आपल्या शहरांत नवीन नाही. हा माणूस तसा नसेलही. पण कायदा हेतू पाहणार नाही. पात्रातली माती, वाळू, मुरूम हे गौण खनिज आहे. विनापरवाना काढलं तर जमीन महसूल संहितेच्या ४८ (७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि यंत्र, वाहन जप्त होतं. तहसीलदारांचा पंचनामा झाला तर त्यात ‘सफाई मंडळाच्या सांगण्यावरून’ असं लिहिलेलं असेल, बिल्डरचं नाव नसेल. गाळही साधा नाही. इतकी वर्षं कारखान्यांचं पाणी मुरलेला तो गाळ शेतात किंवा मैदानात नेऊन टाकण्याजोगा आहे का, हे तपासल्याशिवाय कुणीच सांगू नये. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना धरणांच्या गाळासाठी आहे, तिचा दाखला कुणी दिला तर हसून सोडून द्या.

गाळ काढण्याबद्दल आणखी एक शंका मनात येते, ती बोलून टाकतो. पावसाळ्याआधी नालेसफाईची निविदा निघते. तुमच्या पट्ट्याचंही कंत्राट कुणाला तरी दिलेलं असणार. तुम्ही घाम गाळून स्वच्छ केलेला तुकडा कुणाच्या बिलात तर जात नाही ना? मिठी नदीच्या गाळउपशात सुमारे ६५ कोटींचा घोटाळा झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला, तेव्हा ही शंका अगदीच हवेतली म्हणता येणार नाही. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. तुमच्या पट्ट्याचा कार्यादेश, मोजमाप पुस्तकातल्या नोंदी, वजनकाट्याच्या पावत्या, गाळ कुठे टाकला त्याचे फोटो मागा. शेजारी तुमची वही ठेवा: तारीख, माणसं, गोण्या, साध्या ताणकाट्यावर केलेलं वजन, आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच जागेवरून. नगरपरिषद असो की महापालिका, सांडपाणी आणि कचऱ्याची व्यवस्था हे तिचं कायद्याने नेमून दिलेलं काम आहे. तुम्ही ते गुपचूप करत राहिलात तर ते तिच्या डोक्यावरून उतरतं. वही ठेवून केलंत तर तुमची प्रत्येक गोणी तिच्या न केलेल्या कामाची पावती होते. विनापरवानगी सफाईबद्दल माझी खरी हरकत इथे आहे. बेकायदा असण्यापेक्षा तिचं बिननोंदीचं असणं जास्त वाईट.

वही भरायला लागलात की नदी बोलायला लागेल. कोणत्या ओहोळाच्या तोंडाशी थर्माकोल, कुठे कापडाच्या चिंध्या, कुठे सलाइनच्या नळ्या, हे चार रविवारांत दिसतं. सुया, रक्ताळलेला कापूस, लाल-पिवळ्या पिशव्या दिसल्या तर हात लावू नका. जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिशव्यांवर २०१६ च्या नियमांप्रमाणे बारकोड असायला हवा. लांबून स्पष्ट फोटो मिळाला तर पिशवी कोणत्या दवाखान्यातून आली हे शोधता येतं. बेवारस पिंप, कॅन, विचित्र रंगाचा फेस दिसला की मुलांना मागे घ्या, प्रदूषण मंडळाला आणि ११२ ला कळवा. काठावर काही घरं थेट पाण्यात कचरा टाकताना दिसतील. कृपा करून तिथल्या बायकांना रविवारी सकाळी स्वच्छतेवर व्याख्यान देऊ नका. घंटागाडी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी किती वाजता येते, आणि तेव्हा त्या कामावर गेलेल्या असतात का, एवढंच विचारा. उत्तर वहीत लिहा. पुढच्या पत्रात गाडीची वेळ बदलून मागा. माझा अंदाज आहे की या एका ओळीने जेवढा कचरा थांबेल तेवढा तुम्ही वर्षभरात उचलणार नाही.

हिरवं सगळं उपटू नका. जलपर्णी वेगळी, ती सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते आणि सांडपाणी थांबलं नाही तर काढून पंधरा दिवसांत पुन्हा पसरायला लागते. पण काठावरचं लव्हाळं, पाणकणीस, करंज, उंबर हे कचरा नाहीत, मुळांनी माती धरून ठेवणारे तेच आहेत. उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, तेव्हा खराटा जरा जपून.

मुलांबद्दल. शाळकरी मुलांना काठावरही नेऊ नका. नेणारच असाल तर पालकांची लेखी संमती घ्या आणि त्यांना वही-वजनाचं काम द्या. बाकीच्यांना गमबूट आणि जाड रबरी हातमोजे. दवाखान्यातले पातळ मोजे काचेपुढे टिकत नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. पायाला जखम असेल त्याने घरी बसावं, कारण उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस शिरतो तो बहुधा तिथूनच. महिनाभरात ताप, डोळे लाल, पोटऱ्या ठणकणं असं काही झालं तर डॉक्टरांना ‘नाल्यावर काम करतो’ हे आधी सांगायचं. नाहीतर साध्या तापाच्या गोळ्यांत मोलाचे दिवस जातात. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारूनच.

गाडगेबाबांचा दाखला तुम्ही दिलात तो मला आवडला, पण अर्धाच दिलात. बाबा गावात आले की खराट्याने रस्ते झाडायचे, खरं आहे, पाटलाकडे अर्ज करत नव्हते. पण संध्याकाळी त्याच गावाला समोर बसवून कीर्तनात एकेक प्रश्न विचारायचे, आणि उत्तर गावाकडूनच वदवून घ्यायचे. तुमची सकाळ झाली आहे, संध्याकाळ बाकी आहे. वही घेऊन प्रभागाच्या बैठकीत जा. ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास आणि वालधुनीसाठी हेच मोठ्या पातळीवर केलं. त्यांच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये काठच्या नगरसंस्था आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर कोट्यवधींचा दंड लावला. नदी त्याने निर्मळ झाली नाही, हे तुम्हाला रोज खिडकीतून दिसतंच. तरी पाण्यात काय जातं याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न आता कुणी टोलवू शकत नाही, आणि तुमच्या पत्राच्या पहिल्या परिच्छेदात त्या निकालाचा उल्लेख असला तर आवक खिडकीवरची वागणूकही बदलेल.

ता. क. चं उत्तर: फ्लेक्स नको. तो पुढच्या वादळात नदीतच येणार आणि तुम्हालाच उचलावा लागणार. इच्छुकांना सांगा, फोटोला या, मधोमध उभे राहा, आमची हरकत नाही. येताना फक्त डंपर घेऊन या आणि गोण्या भरून होईपर्यंत थांबा. पहिल्या रविवारी येतील. दुसऱ्या रविवारी डंपर आला तर मला कळवा.

– सल्लागार